जुना वेष, नवी हौस

हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों. मोल नाहीं हें खरें. पण हौसेला डोळे मात्र असावे लागतात. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत एक नवी हौस मूळ धरून राहिली आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली, कीं घरोघरच्या पेट्या उघडतात. कोणी आजीचें नऊवारी लुगडें शोधतें, कोणी अंगरखा शिवावयास टाकतें, कोणी पगडीसाठीं डोक्याचें माप देऊन येतें. आणि एरवीं लोकलच्या गर्दींत अंग चोरून उभे राहणारे कारकून, इंजिनियर, शिक्षिका पाडव्याच्या सकाळीं शिलेदार, सरदार, जिजाऊ आणि अहिल्याबाई होऊन रस्त्यावर उतरतात. १९९९ सालीं डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानानें नववर्ष-स्वागतयात्रेची जी प्रथा पाडली, ती ठाणें, गिरगांव येथपासून आमच्या अंबरनाथ-बदलापुरापर्यंत पसरली. आणि तिच्या मागोमाग जुना वेष शिवण्याची व मिरविण्याची ही हौसहि पसरली.

या हौसेकडे पाहून नाक मुरडणारे विद्वान आहेत, तसे तिच्यावर वाटेल तसा पैसा उधळणारे रसिकहि आहेत. आमचें म्हणणें या दोघांहून निराळें आहे. ऐतिहासिक वेष शिवणें आणि तो अंगावर घालणें हा आमच्या मतें एक उत्तम घरगुती विद्याभ्यास आहे. मात्र पुराव्यावांचून कातर चालवावयाची नाहीं, एवढा नियम ज्यानें त्यानें स्वतःस घालून घेतला पाहिजे. वस्त्र हाहि एक कागदच आहे. जुना कागद वाचावयास मोडी यावी लागते, तसें जुनें वस्त्र वाचावयास शिवण यावी लागते. ज्यानें अंगरखा स्वतः बेतून शिवला, त्याला तो घालणाऱ्या माणसाविषयीं ज्या गोष्टी कळतात, त्या दहा व्याख्यानें ऐकून कळत नाहींत. ज्यानें तो नुसता भाड्यानें आणून मिरविला, त्याची मात्र एखादी खोटी समजूत तेवढी पक्की होते.

आम्ही राहतों तें चिखलोली हें अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधलें गांव. त्याच्या नांवाचें धरण आहे; त्याच्या नांवाचें रेल्वे-स्थानकहि मंजूर झालेलें आहे; एरवीं इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव कोणी शोधूं नये. तथापि या छंदाला ज्या तीन गोष्टी लागतात, त्या तिन्ही आमच्या या टापूंत हाताच्या अंतरावर आहेत. एका बाजूस अंबरनाथचें शिवमंदिर, म्हणजे पुरावा. दुसऱ्या बाजूस उल्हासनगरचा बाजार, म्हणजे कापड. आणि सभोंवारच्या घराघरांतून अजून हयात असलेल्या वृद्ध स्त्रिया, म्हणजे आठवण. या तिहींच्याच आधारानें प्रस्तुत विषयाचा विचार करूं.

पुरावा : दगडांतला आणि रंगांतला

अंबरनाथचें मंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधलें. शिलाहार राजा माम्वाणि याच्या कारकीर्दीचा शिलालेख तेथें आहे. १८६८ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनीं येथें येऊन शिल्पांचीं चित्रें काढलीं. पुढें हेन्री कझिन्स यानें दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या १९३१ सालच्या ग्रंथांत या मंदिराचें वर्णन केलें. आपण दर्शनाला जातों, प्रदक्षिणा घालतों आणि परत येतों; पण त्या भिंतींवरील आकृति एकदां शिंप्याच्या डोळ्यांनीं पाहाव्या. पावसानें बऱ्याच झिजल्या आहेत, तरी पुष्कळ समजतें. कमरेखालीं अंगालगत बसलेलें तलम वस्त्र. त्यावर मेखला व तिचे लोंबते सर. गळ्यांत हार, दंडांत केयूर, कानांत जड भूषणें, आणि मानेवर कललेला केसांचा मोठा अंबाडा. शिवलेलें असें वस्त्र फारसें आढळत नाहीं.

याचा अर्थ असा, कीं शिलाहारकालीन राणी म्हणून नऊवारी लुगडें, बाह्यांची चोळी आणि नाकांत नथ घालून जी मूर्ति आपण यात्रेंत उभी करतों, ती हजार वर्षांपूर्वींची नसून आपल्या पणजीच्या काळची असते. पण येथेंच दुसरीकडे एक खड्डा आहे, त्यांतहि पडूं नये. मंदिरावर दिसतात त्या देवता, अप्सरा आणि नर्तकी. बाजारांत भाजी विकणारी, शेतांत लावणी करणारी, थंडीच्या पहाटे पाणी भरणारी स्त्री तशीच वावरत असेल, असें त्यावरून ठरत नाहीं. तसेंच, प्राचीन भारतांत शिवण ठाऊकच नव्हती, ही जी समजूत अजून ऐकूं येते, तीहि खोटी आहे. मथुरेच्या संग्रहालयांतील कनिष्काच्या मस्तकहीन पुतळ्याच्या अंगांत लांब डगला आणि पायांत जोडे आहेत. गुप्त राजांच्या कित्येक नाण्यांवर राजा अंगांत कोट व पायांत विजार घातलेला दिसतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत महाजनक जातकाच्या चित्रांतील नर्तकीच्या अंगांत शिवलेली, बाह्यांची चोळी आहे. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत कंचुक, वारबाण, कूर्पासक अशीं शिवलेल्या वस्त्रांचीं वेगवेगळीं नांवेंच दिलीं आहेत. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९५१ सालीं भारतीय पोषाखावर स्वतंत्र ग्रंथ लिहून या साऱ्या पुराव्याची मांडणी केली. तेव्हां शिवलेलें आणि न शिवलेलें हीं दोन्हीं वस्त्रें आपल्या देशांत शेजारीं शेजारीं नांदत आलीं आहेत.

मग आपल्या मनांत जुना वेष म्हणून जें चित्र ठसलें आहे, तें आलें कोठून? त्याचें उत्तर फार दूर शोधावयास नको. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस शिळाछापखाना काढला, आणि त्यांच्या देवदेवता घरोघर भिंतीवर आल्या. त्या चित्रांतल्या अनेक पौराणिक स्त्रियांना त्यांनीं आपल्या काळचें लुगडें नेसविलें. रंगभूमीनें तेंच वळण उचललें. पुढें चित्रपटानें तें घेतलें. चित्र म्हणून त्यांत दोष नाहीं. प्रत्येक चित्रकार आपल्याच काळच्या डोळ्यांनीं पाहतो. पण त्या चित्रांना पुरावा समजून जेव्हां आपण वेष शिवावयास बसतों, तेव्हां एकोणिसाव्या शतकाची नक्कल करून तिला पुराणकाळ म्हणतों.

शिवकाल व पेशवाई यांच्याविषयीं तर अज्ञानाला सबबच उरत नाहीं, कारण प्रत्यक्ष चित्रें उपलब्ध आहेत. शिवछत्रपतींचीं त्यांच्या काळच्या लगतचीं चित्रें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें, ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयांत आहेत, आणि त्यांच्या प्रतिकृति आतां कोणालाहि पाहावयास मिळतात. त्यांत अंगांत जामा, कमरेस पटका, पायांत तंग विजार आणि डोईस पागोटें असा एकंदर वेष दिसतो. मखमलीवर चार बोटें रुंद सोनेरी पट्टी, छातीवर प्लास्टिकचे खडे आणि पाठीवर झूल हा प्रकार नाटक-सिनेमाचा आहे. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांचीं चित्रें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें १७९० नंतरच्या पांच वर्षांत पुण्यास राहून समोर बसवून काढलीं. त्यांत पांढऱ्या तलम वस्त्राचा मान पाहिला, म्हणजे श्रीमंती आणि झगमगाट या दोन भिन्न वस्तु आहेत, हें ध्यानांत येतें.

वेषाच्या सचोटीचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतलें आहे. कोल्हापुरांत १९२९ सालीं जन्मलेल्या भानु अथय्या यांनीं ‘आम्रपाली’ (१९६६) या चित्रपटाचे वेष अजिंठ्याचीं भित्तिचित्रें अभ्यासून योजिले. पुढें ‘गांधी’ या चित्रपटासाठीं १९८३ सालीं जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. आणि त्या चित्रपटांत जरी-मखमलीपेक्षां जास्त काय होतें? खादीचें धोतर, सुती साडी, सत्याग्रह्यांची टोपी. साधें वस्त्र त्या-त्या सालाचें, त्या-त्या प्रांताचें आणि त्या-त्या माणसाचें दिसलें पाहिजे, याचीच ती कदर होती.

कापड : रंग, जर आणि बेत

पुरावा हातीं आला, म्हणजे पाय बाजाराकडे वळतात. आमचा बाजार उल्हासनगरचा. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविलें, आणि १९४९ सालीं त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्यांना घरदार सोडून नेसत्या वस्त्रांनिशीं यावें लागलें, त्यांनींच पुढें कापडाची एवढी मोठी पेठ उभी केली, ही गोष्ट प्रत्येक खरेदीच्या वेळीं आठवण्यासारखी आहे. जीनच्या विजारींसाठीं तें गांव आज प्रसिद्ध आहे. पण गजानंद मार्केट किंवा जपानी बाजार यांच्या गल्ल्यांतून फिरलें, तर अस्तर, मगजी, गोंडे, काठ, बंद असें जुन्या शिवणीला लागणारें सारें साहित्य एका फेरींत मिळतें.

तेथें उभे राहून तीन प्रश्न विचारावे. पहिला प्रश्न रंगाचा. विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञानें १८५६ सालीं पहिला कृत्रिम रंग सिद्ध केला. त्यापूर्वींचें कापड नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा, हळद, डाळिंबाची साल यांनींच रंगत असे. म्हणून जुने रंग फिके होते, असें मुळींच नाहीं. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा यांच्या खोलीला आजचा रंग पुरा पडत नाहीं. कुसुंब्याचा गुलाबी तर फारच मोहक, पण उन्हापाण्यानें उडणारा. विजेच्या पाटीसारखा झळकणारा पोपटी वा जांभळा मात्र शिवकालाच्या अंगावर चढवूं नये.

दुसरा प्रश्न जरीचा. खरी जर म्हणजे रुप्याची बारीक तार चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा. आजची स्वस्त जर बहुधा धातूचा लेप दिलेली प्लास्टिकची पट्टी असते. खरी जर मऊ व वजनदार असून तिचें तेज दबतें असतें. खोटी जर हलकी, ताठ आणि डोळ्यांत खुपणारी. खरी परवडत नसेल, तर खोटी वापरण्यापेक्षां साधा सुती काठ लावावा. तो निदान खोटें बोलत नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो म्हणजे बेताचा. हल्लींचा शिंपी कापड अंगाच्या वळणाप्रमाणें गोल कापतो आणि उरलेल्या चिंध्या टाकून देतो. जुना शिंपी असा उधळ्या नव्हता. कापड हातमागाचें, अर्जाला कमी; सूत कोणीतरी हातानें कातलेलें. म्हणून जुन्या अंगरख्याचे तुकडे बहुतेक आयत, चौकोन आणि त्रिकोण असेच निघतात. एक आयत तिरपा कापला, कीं दोन कळ्या होतात. त्यांचें निमुळतें टोंक वर आणि रुंद टोंक खालीं धरून जोडलें, कीं कमरेशीं बेताचा आणि खालीं मोठा घेर मिळतो, आणि कापड कांहीं वायां जात नाहीं. काखेंत एक चौकोनी तुकडा बसवितात, त्याला चौबगला म्हणतात. चौबगला नसलेल्या अंगरख्यांत हात वर केला, कीं सारा अंगरखा वर ओढला जातो. तो असला, कीं घोड्याचा लगाम धरा वा भाला उचला, अंगरखा जागचा हलत नाहीं. ज्यानें चौबगला एकदां स्वतःच्या हातानें शिवला, त्याला ज्या शिंप्यानें तो प्रथम योजिला त्याच्या बुद्धीपुढें नमस्कार करावासा वाटतो. त्या शिंप्याचें नांव कोणत्याहि बखरींत नाहीं.

बंदांचेंहि तसेंच आहे. जाम्याला किंवा बाराबंदीला बिरडी-गुंड्यांचा थाट नाहीं. कापडाचे बंद असतात. बारा बंदांची म्हणून बाराबंदी. बंद सैल-घट्ट करतां येतात, म्हणून एकच कपडा माणूस लठ्ठ झाला वा वाळला तरी चालतो, आणि बापाचा मुलाला होतो. जाम्याचे बंद हिंदु डाव्या बाजूस व मुसलमान उजव्या बाजूस बांधीत, हा संकेत चित्रांतून स्पष्ट दिसतो. बंदांच्या जागीं चेन लावून वर नुसती खोटी गांठ शिवली, तर अंगरखा लौकर चढतो खरा; पण त्यांतली ही सारी माहिती हरवते.

यंत्रावर शिवावें कीं हातानें, असा प्रश्न नेहमीं येतो. आमचें उत्तर व्यवहारी आहे. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचें. तेव्हां पेशवाईचा वेष काटेकोर करावयाचा, तर सारी शिवण हाताचीच हवी. पण नोकरी सांभाळून छंद करणाऱ्यानें आंतली लांब टीप यंत्रावर मारावी, आणि गळा, बंद, घेराची कड अशी दिसणारी शिवण तेवढी हातानें तुरपावी. आपण कोठें तडजोड केली, हें आपल्याला ठाऊक असलें म्हणजे झालें.

आठवण : पेटींतली आणि हातांतली

इतका वेळ राजेरजवाडे आणि संग्रहालयें यांची गोष्ट झाली. पण या छंदाचें खरें धन आपल्या घरांत आहे, आणि तें दिवसेंदिवस कमी होत आहे.

नऊवारी लुगडें म्हणजे सत्तावीस फूट लांबीचें, सुमारें सव्वाआठ मीटरचें, एक सरळ कापड. त्याला ना शिवण, ना गुंडी, ना नाडी. सारें कौशल्य नेसणारीच्या बोटांत. निऱ्या किती घ्यावयाच्या, ओचा कसा सोडावयाचा, कासोटा किती ओढावयाचा, पदर कोठवर आणावयाचा, हें ज्या स्त्रियांनीं रोज पहाटे अंधारांत, आरशावांचून केलें, त्यांपैकीं शेवटच्या आज आपल्यामध्यें आहेत. आतां दुकानांत शिवलेली नऊवारी मिळते. विजारीसारखे पाय घालावे, वर नाडी आवळावी, कीं काम झालें. नाचणाऱ्या मुलींना, घाईंत असलेल्या नवरीला ती सोयीची आहे, आणि सोयीला नांवें ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण तें लुगडें नव्हे. लुगडें सोडलें, कीं पुन्हां सपाट कापड होतें. तें मुलीला होतें, सुनेला होतें, फाटल्यावर त्याची गोधडी होते. शिवलेली नऊवारी एकाच मापाची, आणि ती नेसावयास शिकावें लागत नाहीं. जें शिकावें लागत नाहीं, तें विसरावयास एक पिढी पुरते.

म्हणून आमची वाचकांना पहिली विनंति ही, कीं संग्रहालयांत जाण्यापूर्वीं आजीजवळ, आत्याबाईंजवळ, शेजारच्या काकूंजवळ बसावें. त्यांना लुगडें नेसून दाखवावयास सांगावें, आणि आपण तें निरीनिरीनें लिहून, चित्र काढून, मोबाइलवर टिपून ठेवावें. चोळीचा खण कसा बेतीत, पाठ किती, बाही किती, गांठ कोठें, तें विचारावें. आणि हें आपल्याच जातीच्या घरापुरतें ठेवूं नये. या उल्हास खोऱ्यांत आगरी, कोळी, कुणबी, ठाकूर, कातकरी अशा समाजांच्या स्त्रिया आपापल्या तऱ्हेनें लुगडें नेसत आल्या. गुडघ्यापर्यंत आंखडलेलें, घट्ट खोंवलेलें तें लुगडें चिखलांत लावणी करावयास आणि होडींत चढावयास किती सोयीचें, हें समजल्यावर आपली शहरी नेसण ही अनेकांपैकीं एक, एवढा विनय तरी अंगीं येतो.

आठवणीला कागदाची जोड मिळाली, म्हणजे कसें नवल घडतें, याचें एक उदाहरण आमच्या शेजारच्या कल्याणांतलें आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें बालपण कल्याणास गेलें. शाळा-शाळांच्या वेषस्पर्धेंत आज लहान मुली आनंदीबाई होतात, त्या नऊवारी नेसून. पण १८८३ सालीं अमेरिकेस गेल्यावर आनंदीबाईंनीं तेथें वावरण्यासाठीं गुजराती पद्धतीनें साडी नेसण्याचें ठरविलें होतें. नऊवारींत पोटऱ्या उघड्या राहतात. तेथील थंडीस आणि तेथील शिष्टाचारास तें सोसणारें नव्हतें. विलायती झगा त्यांनीं पत्करला नाहीं, आणि घरचाच हट्टहि धरला नाहीं. १८८५ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत काढलेलें त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारीं जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघीहि आपापल्या देशच्या वेषांत. अठरा-वीस वर्षांच्या मुलीनें परक्या देशांत एकटीनें केलेला तो विचार त्या नेसणींत आहे. आपण तिला सरधोपट नऊवारी नेसविली, कीं तो विचारच पुसला जातो.

जो वेष कोणी घालीत नाहीं

आतां थोडें कटु, पण बोललेंच पाहिजे. पेशवाई वाड्याचा देखावा उभा करतांना आपण श्रीमंत, सरदार, शास्त्रीबोवा आणि शालू नेसलेल्या सुवासिनी उभ्या करतों. त्याच वाड्यांत, माजघराच्या अंधारांत, आणखी एक व्यक्ति होती. लाल आलवण, केशवपन केलेलें मस्तक, अंगांत चोळी नाहीं, हातांत कांकण नाहीं. एकोणिसाव्या शतकांतहि, कित्येक घरांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतहि ती होती; आपल्यापैकीं अनेकांच्या घराण्यांत ती कोणाची तरी सख्खी आत्या किंवा आजी होती. त्या वेषांतून स्त्रियांना बाहेर काढण्यासाठीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं स्वतः विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं आश्रम काढला. यात्रेंत तो वेष कोणी मिरवावा, असें आम्ही म्हणत नाहीं. कोणाचें दुःख हा सोहळ्याचा विषय नव्हे. पण पेशवाईचा वेष अभ्यासणाऱ्याच्या वहींत आलवणाचें पान नसेल, तर ती वही अपुरी आहे.

आणि वाड्याबाहेरहि पाहिलें पाहिजे. वस्त्र कोणीं कोणतें नेसावें, कसें नेसावें, याचे नियम जातीजातींवर लादलेले होते. डिसेंबर १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं स्त्रियांची वेगळी सभा घेतली, आणि अस्पृश्यतेची खूण पटविणारी लुगडें नेसण्याची रीत व तसे दागिने टाकून द्या, असें त्यांना सांगितलें. त्या स्त्रियांनीं लागलीच लुगडें नेसण्याची पद्धति बदलली. गुडघ्यापर्यंतचें लुगडें घोट्यापर्यंत आलें, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्या वीतभर कापडांत केवढा इतिहास आहे! आम्हांस विचाराल, तर कोणत्याहि राणीच्या शालूपेक्षां तो वेष जास्त ऐतिहासिक आहे. ऐतिहासिक वेष म्हणजे केवळ आपल्या वैभवाचा वेष, असें समजलें, तर हा छंद इतिहासाचा नव्हे, अहंकाराचा होईल.

आरंभ कसा करावा

ज्यांना हा छंद जडावयाचा आहे, त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. परदेशांत या छंदाला मोठी परंपरा आहे. अमेरिकेंत बर्कली येथें १९६६ सालीं मध्ययुगीन वेषांत जमलेल्या कांहीं मित्रमंडळींतून एक संस्थाच निघाली. इंग्लंडांत जॅनेट आर्नल्ड या बाईंनीं संग्रहालयांतले जुने कपडे टांक्याटांक्यानें मोजून त्यांचे बेत छापले. त्यांचें पहिलें पुस्तक १९६४ सालचें. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधील वेषांवर बी. एन. गोस्वामी यांचा १९९३ चा ग्रंथ आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जुनीं वस्त्रें प्रत्यक्ष पाहावयास मिळतात. असें साहित्य पाहून वहींत एकेका कपड्याचें एक पान करावें : कोणाचा, कोणत्या काळचा, कशावरून म्हणतों, आणि कोठें अंदाज केला.

पहिला कपडा राजाचा करूं नये, बाराबंदी करावी. कापड आधीं धुऊन आंटवून घ्यावें. पहिला बेत मांजरपाटाचा करून अंगावर घालून पाहावा, आणि मगच चांगल्या कापडाला कातर लावावी. वेष सुती असावा. चैत्राच्या उन्हांत नायलॉनचा अंगरखा घालून चार तास चालणाऱ्यास पूर्वजांविषयीं काय कळतें, तें त्यानेंच सांगावें. सुती, सैल, बगलेंत मोकळा अंगरखा घालणाऱ्याला मात्र कळतें, कीं आपले पूर्वज हवेचा विचार करून कपडे घालीत.

शेवटची गोष्ट सर्वांत निकडीची. घरांत आजीचा शालू, पैठणी, जुनी चंद्रकळा, आजोबांचा अंगरखा असेल, तर तो कापूं नये. हल्लीं जुन्या पैठण्यांचे कुडते आणि बटवे करण्याची टूम आहे. त्याहून वाईट म्हणजे जुने जरीकांठ तोळ्याच्या भावानें विकले जातात, आणि रेशीम जाळून त्यांतलें रुपें काढून घेतात. हजार-दोन हजार रुपयांसाठीं एक कायमचा पुरावा राखेंत जातो. जुनें वस्त्र अंगावरहि घालूं नये. शंभर वर्षांच्या रेशमाला एका समारंभाचा घाम पुरतो. तें मोजावें, त्याचें चित्र काढावें, धुतलेल्या खळविरहित सुती कापडांत गुंडाळावें, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये, कोंकणच्या पावसाळ्यांत ओलीपासून जपावें, आणि वर्षांतून एक-दोनदां घडी मोडून निराळ्या ठिकाणीं घालावी, म्हणजे तें एकाच रेषेवर विरत नाहीं. मिरवावयाची हौस असेल, तर त्याची नक्कल शिवावी. नक्कल शिवतां-शिवतां मूळ समजतें, आणि मूळ सुरक्षितहि राहतें.

पुढच्या पाडव्यास अजून अवकाश आहे. तोंवर प्रत्येक घरानें एवढें जरी केलें, कीं घरांतल्या एका वृद्ध स्त्रीची नेसण आणि पेटींतल्या एका जुन्या कपड्याचें माप वहींत उतरवून घेतलें, तर आमच्या या लहानशा टापूंत एका वर्षांत जो संग्रह होईल, तो कोणत्याहि सरकारी खात्याला पैसे टाकून मिळणार नाहीं. अंबरनाथचा दगड आणखी कांहीं शतकें उभा राहील. आजीच्या बोटांना तेवढी सवड नाहीं.